पद्मिनीला बसवलेलं जुनं इंजिन: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

माझ्या प्रीमिअर पद्मिनीच्या इंजिनचा ब्लॉक तडकल्यावर दुसरं इंजिन शोधणं भाग होतं. मुंबईतल्या टॅक्सींमधून उतरवलेली इंजिनं स्वस्तात मिळत होती. पण त्यातल्या बऱ्याच टॅक्सी सीएनजीवर धावलेल्या, आणि सीएनजीवर व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कडा) लवकर झिजतात. म्हणून थोडे जास्त पैसे मोजून पुण्यातल्या एका काकांचं, कायम पेट्रोलवरच चाललेलं इंजिन घेतलं. त्यांची गाडी गंजून भंगारात निघाली होती.

त्यांनी विक्री केली ती मात्र मनापासून आवडली. इंजिन खाली उतरवण्याआधीच मला बोलावून घेतलं. बोनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करा म्हणाले, मगच सेल्फ मारला. गरम झाल्यावर माझ्या मेकॅनिकला चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजू दिलं. आकडे जवळपास सारखे आले, म्हणजे एखादाच सिलिंडर कमजोर नव्हता. तेल भरायचं झाकण काढून पाहिलं, तर आतून धूर नाही की वाफ नाही. सोबत आरसीची प्रत आणि इंजिन नंबर लिहिलेली सहीची पावती. या कागदांमुळेच आरटीओत माझ्या आरसीवर नवा नंबर चढला. जुनं इंजिन विकणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी करावं, कारण नंबर जुळला नाही की पुढे इन्शुरन्सपासून गाडी विकण्यापर्यंत सगळंच अडतं.

चालायला इंजिन झकास आहे. 1089 सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) 68 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75 मिमी. स्ट्रोक लांब असल्यामुळे कमी आरपीएमलाच चांगली ओढ मिळते. खंबाटकी घाटात चौघं बसलेले असताना तिसऱ्या गिअरवर गाडी न कुरकुरता चढली.

तक्रारी दोन. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) फुगले, ते बदलावे लागले. यात इंजिनचा दोष नाही, पण जुनी गाडी बाळगणाऱ्याने हा खर्च धरूनच चालावं. दुसरी, क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या बाजूने तेल पाझरतं.

हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा, तापल्यावर दोन्ही सारखे प्रसरण पावत नाहीत. त्यामुळे इंजिन जास्त तापू नये म्हणून रेडिएटरच्या पाण्यावर माझं रोज लक्ष असतं. तेलगळतीसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल; क्लच प्लेटही बदलायची आहेच, दोन्ही कामं दिवाळीनंतर एकदमच काढणार आहे.