भाड्याचं सीपॅप (झोपेत नाकातून हवा मारणारं) मशीन, चार महिने वापरून: झोपेला पाच स्टार, शुगरला दोन

नऊ वर्षं झाली शुगर आहे मला, गोळ्या दोन प्रकारच्या, तरी तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) 8.4 च्या खाली यायला तयार नाही. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, गूळ, सगळ्यांवर आळ घेऊन झाला. शेवटी इथल्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या आमच्या डॉक्टरांनी बायकोलाच विचारलं, रात्री घोरतात का हे? ही म्हणाली, "घोरतात ते चालतंय हो, मधेच गप्प होतात तेव्हा भीती वाटते, परत श्वास कधी घेतात ते बघत बसते मी." नऊ वर्षांत मी कुठल्याच डॉक्टरला हे बोललो नव्हतो, घोरणं काय शुगरवाल्याला सांगायची गोष्ट आहे का! डॉक्टरांनी टेप काढून गळा मोजला, 43 सेंटिमीटर. 40 च्या वर गेला की संशय घेतात म्हणे.

मग घरीच स्लीप स्टडी. रात्री नऊला पोरगा आला, छातीला पट्टा, बोटाला क्लिप, नाकात बारीक नळी अडकवली आणि "झोपा आता निवांत" म्हणून गेला, निवांत कसलं, कूस बदलली की वायर ओढतेय. रिपोर्ट आला, स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडायचा आजार, तासाला 38. म्हणजे श्वास दहा सेकंद किंवा जास्त अडला की एक धरतात, तासाला 5 च्या आत असेल तर ठीक, 30 च्या वर गेलं की सिव्हिअर. म्हणजे दीड-पावणेदोन मिनिटाला एकदा आपलाच गळा आपल्याला आवळतोय आणि आपण म्हणतोय काल गाढ झोप लागली. रक्तातला ऑक्सिजन एकदा 71 टक्क्यांपर्यंत खाली गेलेला. असं झालं की शरीर दचकतं, ॲड्रेनलिन-कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स सुटतात, लिव्हर रक्तात साखर ओततं आणि इन्सुलिनला कोण विचारत नाही. रात्री उपाशी झोपून सकाळी 160 कशी येते याचं एक उत्तर तरी मिळालं.

आता मशीन. 1981 साली ऑस्ट्रेलियात सुलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी हे काढलं, आणि सुरुवातीची मशिनं व्हॅक्यूम क्लीनरच्या ब्लोअरवर चालायची, आमच्यासारख्या उद्यमनगरच्या कारखान्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचून फार बरं वाटलं. काम तेवढंच, नाकातून प्रेशरने हवा मारायची म्हणजे घसा मिटत नाही. मला ऑटोवालं, म्हणजे प्रेशर आपोआप कमी-जास्त करणारं, दिलं, महिना साडेतीन हजार भाडं, डिपॉझिट वेगळं. आवाज पंख्यापेक्षा कमी. दुपारी वर्कशॉपमध्ये खुर्चीत डुलक्या यायच्या त्या दहा दिवसांत गेल्या, रात्री चारदा लघवीला उठायचो ते एकदावर आलं. याला पाच स्टार, वाद नाही.

दुकानाचं नाव लिहीत नाही, पण दुकानदाराने दोन गोष्टी ठोकून दिल्या त्या लिहितो. पहिली, "तीन महिने लावा, शुगरच्या गोळ्या बंद." भाच्याला बसवून रिसर्च काढायला लावला. 2010 साली शिकागोत टाइप टूचे 60 पेशंट तपासले तर 77 टक्के लोकांना हा श्वासाचा आजार, आणि जेवढा सिव्हिअर तेवढी तीन महिन्यांची शुगर जास्त. इथपर्यंत दुकानदार बरोबर. पण नातं असणं वेगळं आणि मशीनने शुगर उतरणं वेगळं, वजन तर दोन्हीकडे हात घालून बसलेलं असतं. ऑक्सफर्डवाल्यांनी 2007 साली 42 पुरुषांवर करून बघितलं, अर्ध्यांना खरं मशीन, अर्ध्यांना नुसता दिखाऊ प्रेशर, तीन महिन्यांनी शुगरमध्ये फरक शून्य. 2016 मध्ये स्पेनमध्ये 50 जणांवर सहा महिने केलं तेव्हा 0.4 ने उतरली. एवढंच. गोळ्या बंद वगैरे काही नाही.

दुसरी गोष्ट, "रात्री चार तास लावलं की झालं." मी तीन महिने तेच केलं, दहाला झोपायचो, दोन-अडीचला मास्क काढून टाकायचो. डॉक्टरांनी ॲपवरचे तास बघितले आणि कपाळाला हात लावला. स्वप्नांची झोप जास्त करून पहाटेच्या बाजूला असते, घसा तेव्हाच सगळ्यात ढिला पडतो, आणि त्या झोपेत श्वास अडण्याचा संबंध शुगरशी जास्त दिसलाय. म्हणजे भाडं पूर्ण रात्रीचं आणि नेमक्या पहारेकऱ्याच्या वेळेला पहारेकरी घरी. ऑक्सफर्डच्या त्या लोकांनीही सरासरी चार तासांपेक्षा कमीच लावलेलं.

मास्क का काढायचो ते पण ऐका. पहिला मास्क नाक-तोंड दोन्ही झाकणारा, आणि आमच्या मिशा. मिशीतून हवा फुस्स करून सुटायची आणि सरळ डोळ्यात. दुकानदार म्हणाला मिशी काढा. कोल्हापुरात! नाकपुडीला लावायचे छोटे उशीसारखे मास्क मिळतात हे त्याला माहीत होतं, स्टॉकला नव्हते म्हणून बोलला नाही, ते पुण्याहून मागवले. पावसाळ्यात पाइपमध्ये पाणी साचून गुळगुळ आवाज, त्यावर ह्युमिडिफायर (हवेत ओलावा घालणारा भाग) कमी केला आणि पाइपला बायकोने जुन्या साडीची खोळ शिवली. फिल्टर तर आला तेव्हाच काळाकुट्ट होता, भाड्याचं घेताना आधी फिल्टर उघडून बघा.

चौथ्या महिन्यात पहाटे साडेपाचपर्यंत लावतोय. शुगर 8.4 वरून 7.9, पण याच काळात रंकाळ्याला चालायला लागलोय, कारण अंगात दम आलाय, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते मला सांगता येत नाही. गोळ्या दोन्ही चालू आहेत. मशीन आता दुसरीकडून विकत घेतलं, जुनं परत केलं, डिपॉझिट "सोमवारी देतो" म्हणून तीन सोमवार झाले.