सॉल्ट अ‍ॅनालिसिसचं घरगुती किट: आठ महिन्यांनंतर

मी डोंबिवलीत आयसीएसई दहावीच्या मुलांच्या केमिस्ट्रीच्या शिकवण्या घेते. क्षारात कोणता धातू आहे ते रंगांवरून ओळखायचं हे किट जूनमध्ये ऑनलाइन मागवलं: सहा क्षारांच्या बाटल्या (कॉपर सल्फेट, फेरस सल्फेट, फेरिक क्लोराइड, झिंक सल्फेट, लेड नायट्रेट, कॅल्शियम नायट्रेट), सोडियम हायड्रॉक्साइड, अमोनियाचं द्रावण, ड्रॉपर आणि बारा टेस्ट ट्यूब. सोबत रंगांचा एक तक्ता.

क्षार उत्तम निघाले. तांब्याच्या द्रावणात अमोनियाचे दोन थेंब टाकले की फिकट निळा साका (द्रावणातून वेगळा होऊन खाली बसणारा घन पदार्थ), आणखी टाकत गेलं की तो विरून शाई सांडल्यासारखं गडद निळं द्रावण. हे बघताना पोरं फोन खाली ठेवतात. फेरिकचा साका थेट गंजाच्या रंगाचा; फेरस आणि फेरिक ही लोखंडाचीच दोन रूपं.

फेरसने मात्र दगा दिला. साका मळकट हिरवा यायला हवा आणि हवा लागेल तसा वरून तपकिरी व्हायला हवा. इथे ऑगस्टपासून पहिल्या थेंबालाच तपकिरी. हवा लागून बाटलीतलं फेरस निम्मंअधिक फेरिक झालं होतं. आता मी दर वेळी चिमूटभर फेरस सल्फेटचं ताजं द्रावण करते आणि त्यात पातळ सल्फ्युरिक आम्लाचे दोन थेंब घालते.

त्याहून मोठा घोळ अमोनियाचा. कॅल्शियमच्या द्रावणात अमोनिया घातला तर काहीच दिसायला नको, कारण तेवढ्या सौम्य अल्कात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा साका बसतच नाही. सप्टेंबरमध्ये आमच्याकडे मात्र पांढरं गढूळ. मुलांनी बिचाऱ्यांनी जे दिसलं तेच लिहिलं होतं. अपराधी होतं ते सैल झाकण. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून कार्बोनेट तयार झालं होतं आणि साका बसत होता तो कॅल्शियम कार्बोनेटचा. सोडियम हायड्रॉक्साइडचंही तेच, शिवाय ते काचेच्या बाटलीत आल्यामुळे काचेचं बूच असं घट्ट बसलं की बाटलीच टाकून द्यावी लागली. ते मी आता स्वतः करते. 100 मिलीलीटर पाण्यात 4 ग्रॅम, प्लास्टिकच्या बाटलीत. गोळ्या विरघळताना पाणी चांगलंच तापतं. संरक्षक चष्मा घातल्याशिवाय मुलांना हात लावू देऊ नका.

तक्त्यात रंग आहेत, पण थेंब कसे टाकायचे त्याबद्दल काही नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. एका मुलाने झिंकच्या नळीत अमोनियाचा अख्खा ड्रॉपर एकदम रिकामा केला. पांढरा साका येऊन विरघळूनही गेला, त्याला दिसली फक्त नितळ नळी, आणि त्याने ठामपणे लिहिलं ‘कॅल्शियम’. तेव्हापासून नियम केला: एक थेंब, नळी हलवा, बघा, मग पुढचा. उलट काही मुलं पाच थेंबांवरच थांबून ‘जास्तीच्या अल्कात अविद्राव्य’ असं लिहून मोकळी होतात. साका विरघळायला कधी कधी पंधरा-वीस थेंब लागतात.

अ‍ॅल्युमिनियम किटमध्ये नाही. अभ्यासक्रमापुरतं ते चालतं, पण मी वाण्याकडून तुरटी आणली. साका साबुदाण्याच्या पेजेसारखा बुळबुळीत येतो, जास्तीच्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळतो, अमोनियात नाही. शिसंही नेमकं असंच वागतं! मग पोटॅशियम आयोडाइडचा थेंब टाकायचा: पिवळाधमक साका आला तर शिसं. तो गरम पाण्यात विरघळवून थंड होऊ दिला की सोनेरी चकत्या चमकत खाली येतात.

पण शिशाची बाटली घरगुती किटमध्ये ठेवायला नको होती. ती मी कुलपात ठेवते, तो प्रयोग फक्त स्वतः करून दाखवते, आणि वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये न ओतता लेबल लावलेल्या डब्यात जमा करते. डबा आता पाऊण भरलाय. तो पुढे कुठे द्यायचा, याबद्दल किटमधल्या कागदावर एक अक्षर नाही.