पी५३साठी डीओ-१: नऊ महिने वापरल्यावर

डीओ-१ म्हणजे पी५३ हे कर्करोग रोखणारं प्रथिन ओळखणारी, उंदरापासून बनवलेली अँटिबॉडी. तिची पहिली कुपी तळाला गेली आहे. दुसरी मागवण्याआधी लिहून ठेवते.

माझं रोजचं काम म्हणजे एमसीएफ-७ या माणसाच्या स्तनकर्करोगाच्या पेशींना डॉक्सोरुबिसिन हे डीएनए तोडणारं औषध द्यायचं आणि पी५३ किती चढलं ते वेस्टर्न ब्लॉटवर बघायचं, म्हणजे प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून हवं ते अँटिबॉडीने पट्ट्यासारखं (बँड) दाखवायचं. एवढ्यासाठी ही अँटिबॉडी उत्तम. सोबतच्या पत्रकात १:१००० एवढी पातळ करा असं लिहिलंय, पण मी ५ टक्के मिल्क पावडरमध्ये, ४ अंशांवर रात्रभर ठेवून १:४०००पर्यंत उतरले, तरी बँड ठसठशीत येतो. औषध न दिलेल्या पेशींत जेमतेम सावली दिसते. तिथे एमडीएम२ हे दुसरं प्रथिन पी५३चा सतत निकाल लावत असतं, तेव्हा घाबरू नका. हिशेबाने वजन सुमारे ४४ किलोडाल्टन भरतं आणि बँड मात्र ५३जवळ दिसतो, त्यालाही घाबरू नका. प्रोलीनबहुल भागामुळे ते जेलमध्ये रेंगाळतं.

फसले ते उंदराच्या यकृतात. डीओ-१ फक्त माणसाचं पी५३ ओळखते, हे पत्रकात बारीक अक्षरांत होतं. मी वाचलं नव्हतं. तरी ५०च्या वर झकास बँड आला! लॅब मीटिंगला स्लाइड लावली. मागच्या बाकावरून ज्युनियरने विचारलं, "ताई, प्रायमरी न घालता एक ब्लॉट केलाय का?" प्रायमरी म्हणजे पहिली अँटिबॉडी, इथे डीओ-१. केला. बँड तस्साच. डीओ-१ उंदरातली, म्हणून तिला दाखवणारी माझी सेकंडरी (दुसरी अँटिबॉडी) उंदराच्या आयजीजीविरुद्धची, म्हणजे उंदराच्या अँटिबॉडींनाच चिकटणारी, आणि यकृतातल्या रक्तात आयजीजी असायचंच. त्याची हेवी चेन (मोठा तुकडा) नेमकी तिथेच धावते. दीड महिना पाण्यात.

दुसरी मर्यादा जरा खोलातली आहे. ही चिकटते पी५३च्या एन-टोकाकडे (सुरुवातीच्या टोकाकडे), २० ते २५ क्रमांकांच्या अमिनो आम्लांपाशी, आणि एमडीएम२ची बैठकही तिथलीच. त्यामुळे पी५३-एमडीएम२ जोडी आयपीने (अँटिबॉडीने प्रथिन पकडून) बाहेर ओढायला डीओ-१ घेऊ नका. सेरीन-२०वर फॉस्फेट बसलं की पकडही सैल होते, म्हणजे डीएनए तुटल्यावर दिसणारा आकडा थोडा कमीच धरा.

इम्युनोफ्लुओरेसन्सला, म्हणजे चमकत्या रंगाने पेशीतलं प्रथिन दाखवताना, केंद्रक छान उजळतं, पण शेजारी एच१२९९ पेशी ठेवल्याशिवाय मी फोटो काढत नाही. त्यांच्यात पी५३ नसतंच. तिथेही उजळलं तर दोष आपला.

पार्सल आलं तेव्हा आइस पॅक पार कोमट झाले होते. धसका घेतला होता, पण अँटिबॉडी टिकली. १०-१० मायक्रोलिटरचे भाग करून उणे २०ला ठेवले.

आता हाच क्लोन (डीओ-१) पुन्हा मागवतेय. उंदराच्या पी५३साठी सशातली सीएम५ ही अँटिबॉडी वेगळी, आणि यावेळी पत्रक आधी.