कॅमेऱ्याचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट: अकरा महिने आणि तीन प्रवासांनंतरचा अनुभव

ऑगस्ट २०२४ ते जून २०२५ या काळात मी नागपूरहून तीनदा परदेशातल्या जंगलात जाऊन आले. केनियातलं मसाई मारा, श्रीलंकेतलं याला आणि दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर. तिन्ही वेळा देशाबाहेर पडण्याआधी विमानतळावरच्या कस्टम्सकडून कॅमेरा आणि लेन्सचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घेतलं, म्हणजे या वस्तू मी इथूनच नेल्या होत्या असा शिक्का मारलेला कागद. लेन्स कोणती घ्यावी यावर आपल्याकडे ताडोब्याच्या गेटवर तासभर चर्चा होते. या कागदाबद्दल मात्र मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

आधी २०२३ ची गोष्ट, कारण तिच्याशिवाय या कागदाचं मोल कळणार नाही. त्या वर्षी मी पहिल्यांदा मारा पाहिलं. नदीत उड्या घेणारे विल्डेबीस्ट डोळ्यांसमोरून हलत नव्हते, तशाच धुंदीत देशातल्या एका मोठ्या विमानतळावर उतरले आणि ग्रीन चॅनेलमधून, म्हणजे ड्यूटी लागण्यासारखं काही नसलेल्यांच्या वाटेने, निघाले. गळ्यात महिनाभरापूर्वी सीताबर्डीतून घेतलेला निकॉन झेड ८ कॅमेरा आणि पाठीवर १८०-६०० ची लेन्स. दोन्ही कोरे करकरीत. मला बाजूला घेतलं. अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, "हे कुठून घेतलं?" मी म्हटलं, नागपुरातून. "तुमचं नाही असं मी म्हणत नाही मॅडम. पण इथूनच घेऊन गेला होतात, हे मी कशावरून मानू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बिल धरमपेठेत, घरच्या कपाटात. भाच्याला झोपेतून उठवलं. त्याने बिलाचा फोटो पाठवला, तर त्यावर मॉडेल होतं, किंमत होती, जीएसटी होता, फक्त सीरियल नंबर नव्हता. मग वॉरंटी कार्डांची शोधाशोध. ती फ्रीजवरच्या डब्यात सापडली, नंबर जुळले आणि मला सोडलं. यात अडीच तास गेले. नागपूरचं विमान निघून गेलं आणि दुसऱ्या दिवशीचं तिकीट पदरचे पैसे घालून काढावं लागलं.

तिथे बाकावर बसून मी मोबाइलवर हिशेब केला होता. बॉडी, म्हणजे नुसता कॅमेरा, आणि लेन्स मिळून पाच लाख वीस हजार. परदेशातून परतणाऱ्या भारतीय प्रवाशाला तेव्हाच्या नियमांत ५०,००० रुपयांपर्यंतच्या सामानावर सूट होती आणि त्यावरच्या रकमेवर ३८.५ टक्के ड्यूटी. म्हणजे चार लाख सत्तर हजारांवर १,८०,९५० रुपये. स्वतःच्या पगारातून, सगळा कर भरून घेतलेल्या वस्तूवर! वापरातले कपडे, चपला, साबण यांना कोणी विचारत नाही, एका लॅपटॉपलाही वेगळी सूट आहे. एवढा मोठा कॅमेरा मात्र रोजच्या गरजेची वस्तू म्हणून सुटत नाही. त्या अधिकाऱ्याचा मला राग आला नाही. त्याचा प्रश्न रास्त होता, तयारी माझी नव्हती.

आता सर्टिफिकेट. हे ऐच्छिक आहे, घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही. तुम्ही देशाबाहेर नेत असलेली मौल्यवान वस्तू कस्टम्स अधिकारी प्रत्यक्ष पाहतो, तिचा नंबर कागदावरच्या नंबराशी ताडतो आणि सही-शिक्का करून देतो. त्यावर तुमचं नाव, पासपोर्ट नंबर, विमानाचा नंबर आणि वस्तूंची यादी असते. परत आल्यावर तोच कागद दाखवायचा. मी यादी घरूनच टाइप करून नेते, तीन प्रती: वस्तू, कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर, खरेदीची तारीख, किंमत, बिल नंबर. सोबत बिलांच्या झेरॉक्स. पहिल्या वेळी भाच्याने बसून ही यादी केली. तो मला म्हणाला, "मावशी, काहून इतकं टेन्शन घेऊन राहिली? मी करून देतो." त्याने खरंच नीट केली, बायनॉक्युलरचा बारीक नंबरसुद्धा मोबाइलचा टॉर्च मारून वाचला.

मारासाठी सोनेगावच्या आपल्या नागपूर विमानतळावरून दोह्याचं विमान होतं. चेक-इनच्या आधी मी कस्टम्सबद्दल विचारलं. ड्यूटीवरचे अधिकारी आले, बॅग उघडायला सांगितली आणि एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. तिथे माझी एक चूक उघडी पडली. ५०० एमएमच्या लेन्सवर मी कॅमोफ्लाजचं कापडी आवरण चढवलं होतं, ते सहा तुकड्यांचं असतं, आणि नंबर नेमका माउंटजवळच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते तिथल्या, तुकड्याखाली. ते घट्ट बसलेलं निघता निघेना. अधिकारी म्हणाले, "ताई, घाई करू नका, अजून वेळ आहे. पण नंबर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला सही करता येणार नाही." सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली. तेव्हापासून माउंटजवळचा तुकडा मी लेन्सवर चढवतच नाही, तो खिशात असतो आणि जंगलात गेल्यावर लावते. झेड ८ सारख्या बॉडीवर नंबर शोधताना स्क्रीन उलगडून मागे बघायचं, हेही तिथे जाण्याआधी माहीत असलेलं बरं.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. सर्टिफिकेट त्या विमानतळावर घ्यायचं, जिथून तुम्ही देश सोडता. नागपूरहून दोह्याला थेट गेलात तर नागपुरात, मुंबई किंवा चेन्नईमार्गे गेलात तर तिथे. आणि मोठी बॅग नागपुरातूनच शेवटच्या मुक्कामापर्यंत टॅग करून टाकली तर मधे ती तुमच्या हाती येत नाही, मग त्यातली वस्तू दाखवणार कशी? म्हणून नंबर असलेली प्रत्येक वस्तू हँडबॅगेत. तसंही सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालतच नाहीत. ट्रायपॉड, बीनबॅग, कपडे जाऊ द्या खाली. वजनाची अडचण खरी आहे. माझ्या दोन बॉडी आणि दोन लेन्स मिळूनच साडेपाच किलोच्या आसपास भरतात आणि बऱ्याच विमानांत हँडबॅगेची मर्यादा सात किलोची असते. मी जाड खिशांचं जॅकेट घालते आणि एक बॉडी गळ्यात ठेवते.

नैरोबीला उतरून विमानतळाबाहेर पडताना सगळ्या बॅगा स्कॅनरमधून जातात. माझी थांबवली. किती दिवस राहणार, विकायला आणलं का, व्हिडिओ शूटिंगचं काम आहे का, एवढं विचारलं. मी आपल्या कस्टम्सचा शिक्का असलेली यादी पुढे केली. तिथल्या अधिकारी बाईने ती वाचली, एक लेन्स पाहिली आणि बॅग बंद करायला सांगितली. यादी आपल्याकडच्यांसाठी होती, पण तिकडेही कामाला आली. हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

केनियाबद्दल आणखी थोडं, कारण इथून बरेच जण जातात. ड्रोन नेऊ नका. तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते विमानतळावरच अडकतं. शिवाय फेब्रुवारी २०२२ पासून भारतात परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, म्हणजे परतताना इकडेही प्रश्न. भाच्याचा फार आग्रह होता, मी नाहीच म्हटलं. दुसरं, आपल्याकडे प्रत्येक वस्तू पन्नीत गुंडाळायची सवय असते. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे आणि जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायचं प्लॅस्टिक चालत नाही. फिल्टर, केबल, सिलिका जेल यांच्यासाठी मी गांधीबागेतून कापड आणून छोट्या नाडीच्या पिशव्या शिवून घेतल्या. तिसरं, पिसं, हाडं, शिंगाचा तुकडा, काहीही उचलायचं नाही. आमच्या गाडीतल्या एका काकूंनी गिधाडाचं एक सुंदर पीस वहीत ठेवलं होतं. ड्रायव्हरने पाहिलं आणि गाडी थांबवून ते जागच्या जागी ठेवायला लावलं. काकू हिरमुसल्या. पण ते पीस परतीच्या विमानतळावर निघालं असतं तर काय झालं असतं, याचा विचारही नको.

परत आले ती नागपूरलाच. आधी पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड पाहिलं. केनियाहून येताना ते नसेल तर सहा दिवस वेगळं ठेवू शकतात, म्हणून ते पासपोर्टच्या आतच असू द्या. मग मी आपणहून रेड चॅनेलकडे, म्हणजे सामान जाहीर करणाऱ्यांच्या वाटेकडे, गेले, सर्टिफिकेट दिलं, अधिकाऱ्यांनी दोन नंबर पाहिले. सहा मिनिटं. बाहेर आले तेव्हा भाचा अजून गाडी लावत होता.

श्रीलंकेबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. फेब्रुवारीत चेन्नईमार्गे गेले, सर्टिफिकेट पंधरा मिनिटांत झालं, कोलंबोला कोणी विचारलं नाही, येतानाही अडचण आली नाही. यालात बिबट्या दोनदा दिसला.

क्रुगरच्या प्रवासात मात्र या कागदाची दुबळी बाजू कळली. तो घ्यायचा कुठे, याची पाटी कुठे नसते. निघताना ज्या मोठ्या विमानतळावर होते, तिथे रात्री दोन वाजता तीन माणसांनी मला तीन दिशा दाखवल्या. शेवटी ज्या काउंटरवर पोहोचले, तिथे पन्नास मिनिटं उभी होते. पुढचं सगळं हाताने लिहिणं. बोर्डिंग सुरू झालं होतं आणि माझा घसा कोरडा पडला होता. एकट्या बाईने, मध्यरात्री, एवढं महागडं सामान उघड्यावर मांडून उभं राहणं बरं वाटत नाही. हे आधीच ऑनलाइन भरून, विमानतळावर फक्त नंबर पाहून शिक्का मारायची सोय सगळीकडे आणि ठळकपणे असायला हवी. माझी या सेवेबद्दलची मोठी तक्रार हीच. वेळ किमान एक तास जास्त धरून जा.

जोहान्सबर्गला उतरल्यावर बॅगेची वाट पाहताना लांब कडक पेट्या घेतलेली माणसं दिसली. शिकारी होते. दक्षिण आफ्रिकेत परवान्याने शिकार चालते आणि बाहेरून रायफल आणणाऱ्याला विमानतळावरच पोलिसांच्या कार्यालयात जाऊन ५२० नंबरच्या अर्जावर तात्पुरता आयात परवाना घ्यावा लागतो. काळ्या शाईने भरायचा, सही अधिकाऱ्यासमोर करायची, एका बंदुकीमागे काडतुसं दोनशेपर्यंत. एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ बाकावर बसले होते, त्यांच्याशी बोलणं झालं. त्यांनी जॅकेटमधून घडी पडलेला कागद काढला. अमेरिकेच्या कस्टम्सचा ४४५७ नंबरचा फॉर्म. देश सोडण्यापूर्वी अधिकाऱ्यासमोर रायफलचा नंबर ताडून शिक्का मारून घ्यायचा, तोच दक्षिण आफ्रिकेत मालकीचा पुरावा आणि तोच घरी परतताना. खाली दुसऱ्या ओळीत त्यांच्या कॅमेऱ्याचा नंबर होता. मी माझं सर्टिफिकेट त्यांच्या शेजारी धरलं. भाषा सोडली तर दोन्ही कागद सख्ख्या भावंडांसारखे. फरक एकच, त्यांचा फॉर्म वाचता येतोय तोवर पुढच्या प्रवासालाही चालतो. मी दर वेळी नवा घेते.

माझ्या आजोबांकडे भिवापूरला बाराबोरची बंदूक होती. १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावर त्यांनी शिकार सोडली. केनियानेही १९७७ मध्ये ती बंद केली. मला रायफल हातात धरावीशी कधी वाटली नाही, वाटणारही नाही. तरी त्या गृहस्थांचं एक बोलणं मनात राहिलं. ते म्हणाले, नवखे लोक बंदूक साफ करण्यात आठवडा घालवतात आणि कागद विमानात बसल्यावर शोधतात.

क्रुगरला जोडून झिम्बाब्वेतला व्हिक्टोरिया धबधबा पाहायचं ठरत होतं. ते जमलं नाही, पण त्या निमित्ताने कळलेलं सांगते. झिम्बाब्वे, झांबिया, युगांडा या देशांत साध्या नागरिकाने लष्करी छापाचे, म्हणजे कॅमोफ्लाज कपडे घालणं बेकायदा आहे. ताडोबा-पेंचला आपल्यातले निम्मे लोक त्याच कपड्यांत असतात. माझे दोन शर्ट आणि टोपी घरीच राहिली, तिकडे साधा खाकी आणि मातकट हिरवा नेला.

जूनमध्ये परत येताना पहाटे चार वाजता पुन्हा त्याच मोठ्या विमानतळावर उतरले, जिथे २०२३ मध्ये अडीच तास बसले होते. बाकसुद्धा तोच होता. सर्टिफिकेट दिलं. अधिकाऱ्याने झेड ८ ची स्क्रीन उलगडली, नंबर पाहिला आणि विचारलं, "क्रुगर ना? वाघ नाहीत तिकडे." मी म्हटलं, वाघ आमच्या नागपूरच्या अंगणात आहेत. तो हसला आणि कागद परत दिला. नागपूरचं विमान मिळालं.

आता ऑक्टोबरसाठी यादी नव्याने टाइप झाली आहे. नवव्या ओळीत १.४ चा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्सची पोच वाढवणारा जोड, आला आणि जुनी डी ५०० बॉडी खोडली, ती भाच्याला दिली. या वेळी दुकानदाराकडून बिलावरच सीरियल नंबर लिहून घेतला. त्याने विचारलं कशाला हवा, तर त्याला ही सगळी गोष्ट सांगितली. आता त्याने गल्ल्यामागे चिठ्ठी चिकटवली आहे: कॅमेरा, लेन्स, बिलावर नंबर टाकणे.