चांदणीची गाडी आणि 4,19,500 रुपये

घरचा जुना ट्रक नव्याने उभा करायला एका मिस्त्रीकडे दिला आणि फसलो. किती गेले तो आकडा आधीच सांगतो, कारण लोक शेवटी तोच विचारतात. 4 लाख 19 हजार 500. ट्रेलरने गाडी नेण्याचे 14 हजार आणि परत आणण्याचे 16 हजार वेगळे. आता हसून घ्या, मग पुढचं वाचा.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. एकवीस वर्षं काउंटरवर बसून शेतकऱ्याला सांगतोय की बाबा, सोयाबीनची बॅग घेतलीस तर पक्कं बिल घे, टॅग जपून ठेव, मूठभर बियाणं बाजूला काढ. बोगस निघालं तर पंचनाम्याला कामाला येतं. आणि मी स्वतः? दोनशे पानी वहीचं एक फाडलेलं पान, त्यावर निळ्या पेनाने ‘बॉडीकाम पूर्ण, हातकाम’ आणि खाली एक गिचमिड सही. बायकोने ते पान देवघरात ठेवलंय. उपहासाने ठेवलंय की खरंच, विचारायची हिंमत झाली नाही.

गाडी आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. टाटा मर्सिडीज, 1967 चं मॉडेल, लांब नाकाची. टेल्को (पुढची टाटा मोटर्स) आणि डायमलर बेंझ यांचा करार 1954 चा, तो 1969 ला संपला. तोवरच्या गाड्यांच्या नाकावर तीन टोकांची चांदणी असायची, पुढे ती गेली. म्हणून आमच्या पंचक्रोशीत तिला कुणी ट्रक म्हणत नसे, ‘आण्णांची चांदणी’ म्हणत. आण्णांनी ती 1978 साली जुनी घेतली. तिने जिनिंगला कापूस नेला, कारखान्याला ऊस नेला, दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडं पश्चिम महाराष्ट्रात पोचवली. 2004 पासून ती लिंबाखाली उभी होती. आण्णा गेले तेव्हा ठरवलं की हिला पुन्हा उभी करायची. धंद्यासाठी नाही. गावच्या जत्रेत आणि घरच्या लग्नात मिरवायला. नाद म्हणा.

दोन्ही मडगार्ड सडलेले, केबिनचा तळ गेलेला, बोनेटला जागोजागी पोचे. या मॉडेलचा पत्रा बाजारात मिळत नाही, म्हणजे हातानेच ठोकून घ्यायचा. इथूनच माझी गरज मिस्त्रीच्या हातात गेली. ज्याचा पार्ट दुकानात मिळत नाही त्याचा भावही कुणाला माहीत नसतो, हे मला खतं-औषधं विकून कळायला पाहिजे होतं.

मिस्त्री कुठला, गॅरेज कुठलं, ते लिहीत नाही. वकिलांनी तंबी दिलीय. मराठवाड्यातलंच, एका बायपासवरचं पत्र्याचं शेड, एवढं पुरे.

लोक मला म्हणतात, तू कसा काय भुललास? अहो, त्या माणसाला काम येत होतं! माझ्यासमोर त्याने वाळू भरलेल्या चामडी पिशवीवर पत्र्याचा तुकडा ठेवला आणि लाकडी मोगरीने ठोकत ठोकत चाळीस मिनिटांत मडगार्डच्या कोपऱ्याची वाटी काढून दाखवली. एका जागी पत्रा फुगला, तर तेवढाच ठिपका गॅसने लाल केला, वरून ओला फडका दाबला, आणि फुगवटा डोळ्यांदेखत आवळून बसला. आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी. ‘मालक, 18 गेजशिवाय मी हात लावत नाही. पातळ पत्रा म्हणजे बिस्किटाचा डबा,’ असं म्हणाला. हे सगळं खरंच होतं, आणि म्हणूनच मी फसलो. ढोंगी माणूस मी दहा मिनिटांत ओळखतो. खरा कारागीर चोर असेल तर कसा ओळखायचा?

नोव्हेंबर 2024 मध्ये गाडी दिली. इसार म्हणून 51,000 फोनवरून पाठवले. पत्र्याचे 74,500, तेही फोनवरून. मग बॉडीच्या फळ्यांसाठी ‘सागवानवाला रोखीनेच देतो’ म्हणून 1,40,000 रोख. पुढे ‘बाहेरून दोन कारागीर आणलेत, त्यांचं खाणं-राहणं’ म्हणून मजुरीचे 90,000 रोख. रंगाचे 26,000 रोख. आणि 38,000 एका वेगळ्याच गोष्टीचे, त्यावर येतोच. बेरीज करून बघा. खात्यातून गेलेले 1,63,500 दाखवता येतात. रोखीचे 2,56,000 फक्त मला आणि त्याला माहीत. ‘रोख दिलं तर स्वस्तात पडेल’ हे वाक्य ऐकलं की खिसा शिवून टाका.

आता ती गोष्ट, जी आठवली की रात्री उठून बसतो.

संक्रांतीच्या दिवशी, 14 जानेवारीला, दुपारी त्याने तीन फोटो पाठवले. ‘मालक, तुमचं बोनेट. तिळगूळ घ्या.’ फोटोत नागडा, रंग न दिलेला, हातोडीच्या बारीक खुणा दिसणारा पत्रा. देखणा! मी तो फोटो दुकानात येईल त्याला दाखवला. तिसऱ्या फोटोत केबिन तिरकी दिसत होती आणि काचेतून स्टेअरिंग दिसत होतं. डाव्या बाजूला.

डाव्या बाजूला.

मी त्या गाडीत किन्नर, म्हणजे क्लीनर म्हणून वाढलोय. सुट्टीत आण्णांच्या डाव्या हाताला बसायचो आणि ‘येऊ द्या, येऊ द्या’ ओरडायचो. स्टेअरिंग कुठे असतं हे मला झोपेत कळतं. आणि मला ते दिसलं, हे खोटं नाही सांगत. भाचा शेजारी होता, तो म्हणाला, ‘मामा, स्टेअरिंग उलट्या साइडला कामून?’ मी म्हणालो, ‘अरे, सेल्फी कॅमेऱ्याने काढला असेल, फोटो पलटतो.’ पोराला मीच पटवलं. मिस्त्रीला खोटं बोलायचे कष्टसुद्धा पडले नाहीत, त्याच्या वतीने मीच बोललो. फोटो पलटला असता तर मागच्या भिंतीवरच्या पाटीची अक्षरंही पलटली असती. ती सरळ होती. इंग्रजी सारखी पण इंग्रजी नव्हती, कुठल्या तरी परदेशी भाषेतली होती. कुणा परदेशी माणसाने जीव लावून केलेल्या कामाचा फोटो होता तो. मी पाटीसुद्धा वाचली आणि त्याच संध्याकाळी मजुरीचे 90,000 नेऊन दिले.

माझीही बाजू ऐका. शेड माझ्यापासून 90 किलोमीटर. रब्बीचा सीझन, युरियासाठी दुकानापुढे रांग, मी रोज जाऊन बसायचं का? दोनदा गेलो तर गाडीवर ताडपत्री. ‘प्रायमर ओला आहे, धूळ बसेल.’ कोपऱ्यात पांढऱ्या चटईसारख्या कापडाची गुंडाळी आणि वासाचे डबे होते. मी विचारलं, तर म्हणाला, एका ट्रॅव्हल्सवाल्याचं काम आहे. ते फायबरचं सामान होतं. माझ्याच गाडीचं. ताडपत्री झाकलेली असली की तीच आधी उचला, प्रायमर गेला खड्ड्यात.

आता ते 38,000. तो म्हणाला, ‘मालक, आता सरकारने जुन्या गाड्यांना व्हीए नंबर काढलाय. गाडी रोडवर ऐटीत फिरेल. 20 हजार सरकारी फी, 18 हजार वरचे.’ फीचा आकडा खरा होता. 2021 चा केंद्राचा नियम आहे, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं, फी 20,000 च. मी मोबाइलवर पाहिलं, आकडा जुळला, पैसे टाकले. पण तोच नियम चार ओळी पुढे वाचला असता तर कळलं असतं की तो दुचाक्यांना आणि घरच्या मोटारींना आहे, मालवाहू गाडीला नाहीच. शिवाय चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही, आणि मी तर बॉडीच नवी करायला दिली होती! अर्धं खरं सांगणारा एजंट पूर्ण खोट्यापेक्षा महाग पडतो. बॉडी बदलायची तर कायद्याच्या कलम 52 खाली आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते, हेही मला नंतर कळलं. तुम्ही आधी विचारा.

पाडव्याला देतो म्हणाला, मग अक्षय तृतीयेला. शेवटी 17 मेला गाडी ट्रेलरवरून आली. लाल नाक, निळी बॉडी, फाळक्यावर मोर. मायने ओवाळलं. सगळी आळी जमली. मला रडू आलं, लपवत नाही.

भाच्याने मोबाइलच्या होल्डरमधलं चुंबक काढलं आणि सहज मडगार्डला लावलं. खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. मग बोनेट. कडेला चिकटलं, मध्ये पडलं. आळीतले सगळे गप्प. मी बोनेट उचललं तर एका हाताने वर आलं. आण्णांचं बोनेट उचलायला खांदा लावावा लागायचा.

नंतर फाडून पाहिलं. दोन्ही मडगार्ड फायबरचे. बोनेटला कडेने पातळ पत्र्याची पट्टी, मध्ये बोटभर जाड लांबी, म्हणजे पुट्टी थापलेली. चालत्या ट्रकच्या हादऱ्याने ती महिनाभरात पापडासारखी निघाली असती. केबिनचा तळ तेवढा पत्र्याचा, तोही 22 गेज, म्हणजे पातळ. 8 बाय 4 चा 18 गेजचा पत्रा साधारण 28 किलो भरतो, 22 गेजचा साडेसोळाच्या आसपास. पत्रा तुमच्या डोळ्यांदेखत काट्यावर ठेवून घ्या आणि वजन लिहून घ्या. फळ्या सागाच्या नव्हत्या. आमच्या सुताराने रंधा मारला, वास घेतला आणि एवढंच म्हणाला, ‘आंबा.’ 1,40,000 चा आंबा.

फोनवर मिस्त्री म्हणाला, ‘चार दिवसांत कारागीर पाठवतो.’ मग फोन बंद. शेडवर गेलो तर कुलूप, आणि जागामालक मलाच विचारतोय, तीन महिन्यांचं भाडं कोण देणार.

पुढे सुरू झाला सरकारी खेळ. ठाण्यात गेलो. जमादारांनी चहा पाजला, सगळं ऐकलं आणि म्हणाले, ‘गाडी तुमची, तुम्हीच दिली, ती परत आली. यात गुन्हा कुठंय? दिवाणी मॅटर आहे.’ खोटे फोटो पाठवून पैसे घेणं दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं कलम 318, म्हणजे आपलं जुनं 420, मग कशाला ठेवलंय? साधा अर्ज द्या म्हणाले. दिला. पोच मागितली तर म्हणे शिक्का साहेबांच्या कपाटात, चावी साहेबांकडे, साहेब बंदोबस्तात. तीन चकरांनी शिक्का मिळाला. प्राथमिक चौकशी करायची तर नव्या कायद्यात 14 दिवसांची मुदत आहे. माझ्या अर्जाला 62 दिवस झाले तेव्हा चौकशीवाले बदलून गेले होते आणि नव्यांनी विचारलं, ‘कोणती गाडी?’ पुन्हा पहिल्यापासून, नाकापासून. गॅरेजवाल्या ठाण्यात गेलो तर ते म्हणाले, तुम्ही राहता तिथे द्या. इथले म्हणाले, घडलं तिथे द्या. आण्णांच्या काळात जकात नाक्यावर ट्रक असाच टोलवायचे. शेवटी पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने सगळं लिहून पाठवलं. पोचपावतीचं कार्ड परत आलं, बाकी काही नाही.

आरटीओत व्हीए नंबरचं विचारायला दोन तास उभा राहिलो. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, ‘ट्रकला नाही ते.’ तीन शब्द. 38,000 वाचवणारे तीन शब्द फुकट मिळत होते, फक्त मी आधी विचारायला जायला हवं होतं. मग विचारलं, माझ्या नावाने काही अर्ज तरी आलाय का? त्यासाठी म्हणे दुसरी खिडकी. दुसऱ्या खिडकीत जेवणाची सुट्टी.

ग्राहक आयोगात तक्रार दाखल आहे. 5 लाखांपर्यंत फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, एवढा एकच दिलासा. दोन वर्षांच्या आत करायची, लक्षात ठेवा. नोटीस गेल्यावर मिस्त्री गायबच राहिला, पण त्याचा वकील बरोबर उगवला. तो म्हणतो, ट्रक हे व्यापारी वाहन, सबब तक्रारदार ग्राहकच नाही. वीस वर्षं लिंबाखाली उभ्या गाडीत कोंबड्या अंडी घालत होत्या, हाच काय तो व्यापार. तारीख पडलीय. मग आणखी एक पडेल.

पैशाचं एक वेळ सोडा. गाडी आली तेव्हा नाकावर चांदणी चकचकत होती, म्हणून गर्दीत लक्षात आलं नाही. ती प्लॅस्टिकची आहे, मागे दुहेरी टेप. जुनी चांदणी त्याने ‘पॉलिशला हैदराबादला दिलीय’ म्हणून जानेवारीतच काढली होती. तिचं खालचं डावं टोक 1983 साली घाटात तुटलं होतं, आण्णांनी ते पितळेने जोडून घेतलं होतं. त्यामुळे ते टोक किंचित आत वाकलेलं आहे आणि जोडाची पिवळी रेघ करंगळीच्या नखाएवढी दिसते. भंगार बाजारात, जुन्या पार्टच्या दुकानात, कुणाच्या शोकेसमध्ये अशी चांदणी दिसली तर भाव करू नका. आधी मागून-पुढून फोटो काढा आणि मला कळवा.