ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: आयडलला थरथरणाऱ्या इंजिनासाठी किती कामाचा?

गाडी उभी असताना, म्हणजे आयडलला, इंजिन थरथरतं, रेस दिली की गप्प बसतं. या तक्रारीवर बहुतेक वेळा आधी प्लग बदलले जातात, मग प्लगला वीज देणारी कॉइल, मग हवा आत सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीची सफाई होते, आणि थरथर जागच्या जागी राहते. ईएलएम ३२७ या चिपच्या पद्धतीचा ब्लूटूथ स्कॅनर गाडीच्या संगणकातली माहिती मोबाइलवर दाखवतो आणि हा अंदाजपंचे कारभार थांबवतो. काडेपेटीहून जरा मोठी ही वस्तू पेट्रोल गाडीत दहा-पंधरा मिनिटांत सांगते की दोष ठिणगीत शोधायचा, हवा-इंधनात शोधायचा की दोन्हींच्या बाहेर. स्कॅनर दाखवतो तो बिघाडाचा कोड म्हणजे कोणता पार्ट आणायचा याची चिठ्ठी मात्र नव्हे. तसं समजून वापरणाऱ्याचे पैसे फुकट जातात आणि खापर फुटतं स्कॅनरवर.

जोडणी सोपी आहे. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये खोचा, इग्निशन ऑन करा, मोबाइलशी पेअर करा. कोड दिसला की तो पुसायची घाई नको. त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते: बिघाड नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, इंजिन गरम होतं की थंड. ‘क्लिअर’ दाबलं की ती गेली. आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचं मिसिंग (मिसफायर), म्हणजे तिथलं इंधन नीट न पेटणं. पी०३०० म्हणजे एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही. समजा पी०३०२ आला. इंजिन बंद करून दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड पुसा, मिसिंग परत येईपर्यंत चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली. पी०३०२ कायम राहिला तर तसाच प्लग फिरवून बघा, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. यात एकही नवा पार्ट लागत नाही. प्लग काढलाच आहे तर त्याची पांढरी चिनी माती उजेडात धरा. तिच्यावर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ दिसली, तर ठिणगी टोकाला न जाता तिथून बाजूने पळते आहे. अशा वेळी प्लगबरोबर कॉइलचं रबरी बूटही बदला, नाहीतर नव्या प्लगवरही तीच रेघ उमटते.

स्कॅनरची खरी किंमत लाइव्ह डेटात आहे, आणि थरथरीसाठी त्यातला सर्वात बोलका आकडा फ्युएल ट्रिमचा. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो, ते इथे दिसतं. शॉर्ट टर्म (तात्पुरता) आणि लाँग टर्म (मुरलेला) या दोन्हींची बेरीज बघा. इंजिन पूर्ण गरम हवं, एसी बंद. बेरीज शून्याच्या आगेमागे पाच-सात टक्के असेल तर चिंता नाही. आयडलला +२० आणि २,५०० आरपीएमला +४ दिसलं, तर कुठूनतरी बाहेरची हवा आत शिरते आहे. फट तेवढीच असते, पण आयडलला इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, म्हणून चोरट्या हवेचा वाटा मोठा होतो. रेस दिली की तो बुडून जातो. उलट आयडलला आकडा ठीक आणि लोड वाढेल तसा चढत असेल, तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा आत येणारी हवा मोजणारा, मळलेला एमएएफ सेन्सर तपासा.

ज्या गाडीत एमएएफ नाही, नुसता मॅनिफोल्डचा (इंजिनाला हवा पोचवणाऱ्या नळ्यांचा) दाब मोजणारा एमएपी सेन्सर आहे, तिथे हा हिशेब लंगडा पडतो. आत शिरलेली हवाही मॅनिफोल्डच्या दाबात मोजली जाते, त्यामुळे ट्रिम फारसा हलत नाही. तिथे दाबच वाचा: समुद्रसपाटीच्या आसपास, गरम आणि धडधाकट इंजिनात आयडलला तो साधारण ३० ते ४० किलोपास्कल असतो. ५०च्या पुढे गेला तर गळती किंवा व्हॉल्व्ह टायमिंगचा संशय घ्या.

गळती शोधायला ब्रेक बूस्टरची आणि पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत ओढणारी) नळी आधी धरा. पकडीच्या जबड्यांना कापड गुंडाळून नळी हलकेच दाबा आणि स्क्रीन बघा; ट्रिम खाली घसरला की चोर सापडला. गरम एक्झॉस्टशेजारी क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत आम्ही कुणालाच सुचवणार नाही. भडका उडतो. नळ्यांत धूर सोडून केलेली तपासणी कधीही बरी.

एका सापळ्यात मात्र अनुभवी माणसंही अडकतात. मिसिंग होणाऱ्या सिलिंडरमधली न जळलेली हवा एक्झॉस्टमध्ये जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि तो मिश्रण पातळ असल्याचं कळवतो. ट्रिम प्लसमध्ये जातो. सेन्सर बिचारा खरं तेच सांगतो, आणि तोच बदलला जातो! मिसफायरचा कोड असेल तर आधी मिसिंग काढा, ट्रिम नंतर वाचा. चेक इंजिन दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवत राहू नका; न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टचा धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो वितळतो.

इंजिन माउंटिंगबद्दल, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांच्याबद्दल, हा स्कॅनर मुका आहे. कोड नाही, आरपीएम स्थिर, ट्रिम ठीक, तरी ऑटोमॅटिक गाडी डी मध्ये ब्रेकवर थरथरते आणि न्यूट्रलला शांत होते, तर माउंटिंगचं रबर बघा. डिझेलमध्येही उपयोग तोकडा: प्रत्येक इंजेक्टरचं करेक्शन (त्याच्या इंधनात केलेली दुरुस्ती) सहसा कंपनीच्या खास डेटात असतं आणि साधं ॲप तिथवर पोचत नाही.

घेताना पाकिटावरच्या आवृत्तीला भुलू नका. मूळ चिपची १.५ ही आवृत्ती कधी निघालीच नव्हती, तरी तो आकडा छापलेले नकली स्कॅनर भरपूर विकले जातात. त्यातले काही चांगले चालतात, ‘२.१’ लिहिलेल्या अनेक नकलांमध्ये मात्र ठरावीक कमांडच गाळलेल्या असतात आणि काही गाड्यांशी त्या बोलतच नाहीत. परत करायची सोय असेल तिथूनच घ्या. स्वस्त स्कॅनरचा वेगही कमी असतो, म्हणून स्क्रीनवर एकावेळी तीन-चारच आकडे ठेवा. बारा ठेवलेत तर सुई झटक्याझटक्याने हलते आणि क्षणभराची आरपीएमची घसरण निसटते. काम झालं की तो उपसून ठेवा. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला किल्ली काढल्यावरही बॅटरीचा करंट असतो, आणि बरेच स्वस्त स्कॅनर झोपतच नाहीत.