जेनेसिसचा १९७०-७५ चा बॉक्स, आठ महिने ऐकल्यावर

आठ महिने झाले म्हणजे आता लिहायला हरकत नाही. सेकंडहँड घेतला, नऊ हजार गेले. जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडचा २००८ साली निघालेला सीडींचा बॉक्स आहे, पाच अल्बम, सगळ्यांचे डीव्हीडीही आहेत, वर एक एक्स्ट्रा डिस्क. इंदूरला पोचला तेव्हा कोपरा चेपलेला होता आणि त्यातल्या ट्रेसपास अल्बमची डीव्हीडी मधेच अडकते, विकणाऱ्यानं नंतर फोनच उचलला नाही. असो.

घेण्याआधी एक लक्षात घ्या, बँडचा अगदी पहिला अल्बम यात नाहीच. त्याचे हक्क वेगळीकडे आहेत. गोष्ट मजेशीर आहे, सरेमधली चार्टरहाउस शाळा, तिथली पोरं १९६७ ला जमली, पीटर गॅब्रिएल, टोनी बँक्स, माइक रदरफर्ड, अँथनी फिलिप्स. त्याच शाळेत शिकून गेलेला जोनाथन किंग, त्यानं बँडला नाव दिलं आणि डेक्का कंपनीसाठी रेकॉर्ड काढून दिली, १९६९ ला. गाण्यांवर व्हायोलिनबियोलिन चढवलेलं. कव्हर काळं, त्यावर बँडचं नावच नाही, फक्त अल्बमचं, आणि नाव (फ्रॉम जेनेसिस टू रेव्हलेशन) असं बायबलछाप की दुकानदारांनी ती धार्मिक रेकॉर्डींच्या खणात लावली! खपणार कुठून. मी ती वेगळी ऐकली, एकदा ऐकून ठेवून द्या.

माझ्यासाठी पैसे वसूल झाले ते एक्स्ट्रा डिस्कवर, आणि तेही सहाव्या महिन्यात. त्यात जानेवारी १९७० चे चार तुकडे आहेत, जॅक्सन नावाच्या चित्रकारावरच्या फिल्मसाठी बीबीसीत रेकॉर्ड केलेले. फिल्म बारगळली. पहिल्यांदा ऐकून वाटलं हे काय कच्चं. नंतर बॉक्समधला नर्सरी क्राइम अल्बम पाठ झाला तेव्हा कळलं की अरे, त्यातल्या म्यूझिकल बॉक्स गाण्याची चाल तर इथेच पडून आहे, आणि फिलिप्स तर त्या अल्बमात नाहीच! स्टेजची भीती आणि तब्येत, १९७० मध्येच सोडून गेला बिचारा. पण चाल मागे राहिली.

त्याच्यानंतर ड्रमर फिल कॉलिन्स आला, जाहिरात वाचून ऑडिशनला. गॅब्रिएलच्या आईवडिलांच्या घरी वेळेच्या आधी पोचला, म्हणाले पोहून ये, हा पाण्यात पडून बाकीच्या ड्रमरांना ऐकत बसला आणि नंबर येईपर्यंत सगळं पाठ. हुशार पोरगा! मग १९७१ ला स्टीव्ह हॅकेट गिटारवर. इथून बँड बँड वाटायला लागतो.

फॉक्सट्रॉट अल्बममधलं सपर्स रेडी हे गाणं तेवीस मिनिटांचं आहे. बाबांना (उस्ताद अमीर खाँसाहेबांचे भक्त, रामबागेतल्या घरी त्यांच्याशिवाय दुसरं फारसं वाजत नाही) मी भीतभीत ऐकवलं. ते म्हणाले, एवढी घाई कशाला, बढत होऊच देत नाहीत, म्हणजे सावकाश फुलवतच नाहीत. शेवटाकडे नऊ मात्रांचा भाग आला तेव्हा मात्र हातावर मोजायला लागले, दोनदा चुकले आणि म्हणाले परत लाव.

आवाजाचं सांगायचं तर मिक्स निक डेव्हिस या साउंड इंजिनियरनं नव्यानं केलंय. ड्रम आणि गाणं पुढे आलंय, बारकावे ऐकू येतात, पण एकूण आवाज जरा चढवलेला वाटतो, हेडफोनवर तासाभरात कान थकतात. जुनी एलपी ऐकून वाढलेला माझा मित्र तर वैतागलाच. फाइव्ह पॉइंट वनचं (सहा स्पीकरांच्या सराउंड आवाजाचं) मला विचारू नका, माझ्याकडे दोनच स्पीकर आहेत आणि एकावर बायकोचं मनीप्लांट.

ट्रेसपास पहिल्या महिन्यात मला सगळ्यात कंटाळवाणा वाटला होता, आता रोज सकाळी पोहे होईपर्यंत तोच लागतो. पाचपैकी चार तारे. कोणाकडे ट्रेसपासची चांगली डीव्हीडी पडलेली असेल तर सांगा, बदल्यात चेपलेला कोपरा देतो.